गावातल्या शेतकरी आंदोलनाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात: नवख्यांसाठी मार्गदर्शक

नोव्हेंबर १९८० मध्ये उसाला टनामागे ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव मिळावा म्हणून नाशिक जिल्ह्यात रस्ते आणि रेल्वे अडवली गेली. तेव्हा पंचविशीत असलेला माणूस आज सत्तरी पार करून बसला आहे. १९७९ साली शरद जोशींनी उभी केलेली शेतकरी संघटना, चाकणचं कांदा आंदोलन, निपाणीचं तंबाखू आंदोलन यांतल्या नेत्यांची भाषणं आणि लेख छापलेले आहेत, ते मिळतात. गावातलं मात्र कुठेच लिहिलेलं नाही. बैलगाड्या रस्त्यावर आडव्या कुणी लावल्या, भाकऱ्या कोणत्या आळीतून गोळा झाल्या, घरधनी तुरुंगात असताना म्हशीच्या धारा कोण काढत होतं, भाव नाही म्हणून कांदा विकला नाही तेव्हा सोसायटीच्या कर्जाच्या हप्त्याचं काय केलं, हे सगळं माणसांच्या डोक्यातच आहे. ते नोंदवू पाहणारे गावातले तरुण, शिक्षक आणि ग्रंथालयाचे कार्यकर्ते यांच्यासाठी हे टिपण.

आधी हद्द आखा

‘महाराष्ट्रातली शेतकरी चळवळ’ असा विषय घेतलात तर काम तिसऱ्या मुलाखतीला थांबेल. एक घटना, चार-पाच गावं आणि दहा-बारा माणसं पुरेत. हिशेब करून बघा. बारा माणसांशी दीड-दीड तास बोललात तर अठरा तासांचं ध्वनिमुद्रण होतं. एक तास ऐकून शब्दन् शब्द उतरवायला नवख्याला सहा ते आठ तास लागतात, म्हणजे नुसतं उतरवणंच सव्वाशे तासांच्या घरात जातं. बहुतेक उपक्रम इथेच अडकतात: मुलाखती उत्साहात होतात आणि फाइली पेन ड्राइव्हमध्ये पडून राहतात. दोन मुलाखती झाल्या की तिसरीला जाण्याआधी पहिली उतरवून काढायची, असा नियम सुरुवातीलाच घाला. पुढचे प्रश्नही त्यामुळे सुधारतात.

माणसाकडे जाण्याआधी कागदांकडे जा

एका मोठ्या कागदावर घटनाक्रम लिहून काढा. त्यासाठी जिल्ह्याच्या जुन्या ग्रंथालयातल्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली, विधिमंडळातल्या चर्चांचे छापील खंड आणि पुराभिलेख संचालनालयाची कार्यालयं (मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद) या जागा आहेत. यापेक्षा जवळची आणि हमखास विसरली जाणारी जागा म्हणजे तुमची बाजार समिती. तिच्या जुन्या नोंदवह्यांत रोजची आवक आणि किमान-कमाल भाव असतात. वही द्यायला खळखळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, फी दहा रुपये आहे. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतच्या नोंदी हव्यात ते अर्जात नेमकं लिहा. ‘सर्व जुनी माहिती द्यावी’ असं लिहिलं की अर्ज तसाच परत येतो.

निपाणीवर काम करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. माणसं मराठी बोलतात, पण गाव कर्नाटकात आहे. ६ एप्रिल १९८१ च्या गोळीबाराचे सरकारी कागद महाराष्ट्राच्या दप्तरात शोधून उपयोग नाही, आणि ते वाचायला कन्नड येणारं कुणीतरी सोबत लागेल. गावांच्या नावांतही घोळ होतो. जानेवारी १९८० मध्ये रस्त्यासाठी निघालेला वांद्रे ते चाकण मोर्चा हा खेड तालुक्यातल्या वांद्र्याहून निघाला होता. मुंबईत बसून उतरवणाऱ्याने तिथे उपनगरातलं वांद्रे समजून टीप घातली, की पुढचं सगळं चुकत जातं. तालुक्याचा नकाशा शेजारी ठेवूनच काम करा.

हा घटनाक्रम तुमच्यासाठी आहे. तो समोर ठेवून म्हाताऱ्या माणसाची तोंडी परीक्षा घ्यायची नाही.

कुणाकुणाला गाठायचं

पहिला क्रम वयाने आणि तब्येतीने ठरतो. अंथरुणाला खिळलेल्या, ऐकू कमी येऊ लागलेल्या माणसांकडे आधी जा. त्यानंतर मात्र नेत्यांपासून सुरुवात करू नका. तालुकाध्यक्षाने त्याच आठवणी पन्नास व्यासपीठांवर सांगितलेल्या असतात. त्या आधी कानावर पडल्या तर तुमचे पुढचे सगळे प्रश्न त्याच वळणाचे होतात. कडेच्या माणसांपासून आत या: मापाडी, हमाल, आडत्या, ट्रकचा क्लीनर, कोतवाल, त्या वेळचा पोलीस पाटील, बंदोबस्ताला आलेला आणि आता निवृत्त झालेला हवालदार, अडकलेल्या एसटीचा कंडक्टर. शेतमजुरांना तर आवर्जून विचारा. आंदोलनाच्या दिवसांत त्यांची मजुरी बुडाली का, भाव वाढल्यावर ती वाढली का, यावर गावात दोन मतं असतात आणि दोन्ही नोंदली गेली पाहिजेत. आंदोलनाला विरोध करणाऱ्याचीही एक तरी मुलाखत हवी.

पुढच्या काळात कार्यकर्ते वेगवेगळ्या गटांत आणि पक्षांत गेले. तुम्ही कुणाच्या मोटारसायकलवर बसून आलात हे गाव बघत असतं. एका गटाच्या माणसाला वाटाड्या म्हणून घेतलंत, तर दुसऱ्या गटाचा माणूस चहा पाजेल आणि गोड बोलून वाटेला लावेल. म्हणून एकटे जा, किंवा शाळेच्या शिक्षकाला सोबत घ्या.

बायकांच्या मुलाखतींचं वेगळं नियोजन लागतं. सकाळी त्यांना सवड नसते. दुपारचं जेवण उरकल्यावर, साधारण दीड ते चारच्या मधे जा. तुमच्या गटातली एखादी बाईच प्रश्न विचारणारी असेल तर उत्तम. घरातला पुरुष शेजारी बसून उत्तरं देऊ लागतो, हा अनुभव ठरलेला. त्यावर इलाज असा की दुसऱ्या सोबत्याने त्याला उठवून ‘काका, तुमचे जुने कागद दाखवा ना’ म्हणत दुसऱ्या खोलीत न्यायचं. शेतकरी संघटनेच्या ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनाला गेलेल्या बाईला ‘अधिवेशनात काय ठरलं?’ असं विचारलं तर ती ‘आता काय आठवतंय बाई’ म्हणते. ‘घरी कुणाला सांगून निघालात? लेकरं कुणाकडे ठेवली? कशातून गेलात? रात्री कुठे झोपलात?’ असं विचारा, मग बघा. लक्ष्मीमुक्तीच्या, म्हणजे बायकोच्या नावे जमीन करून देण्याच्या संघटनेच्या मोहिमेत जमीन नावावर झाली असेल तर सातबारा बघायला मागा. त्यावरचा फेरफार क्रमांक टिपून घ्या. तलाठ्याच्या दप्तरातल्या त्या फेरफाराच्या नोंदीवर नेमकी तारीख सापडते.

यंत्र आणि जागा

साधा स्मार्टफोन आणि कॉलरला लावायचा वायरचा माइक एवढ्यावर चांगलं काम होतं. घेण्यापूर्वी वायरची पिन फोनला बसते का ते तपासा. वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो असं मुद्रण करा. तासाला साधारण ५२० एमबी जागा लागते. एमपी३ मध्ये जागा वाचते, पण आवाजातलं कापलं गेलेलं नंतर परत मिळत नाही. आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या बोलण्याला उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा. घोषणा देऊन दाखवताना माणूस एकदम ओरडतो आणि आवाज फाटतो. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन गोळीबाराच्या वर्णनात कुणाचा तरी फोन येतो आणि ॲप मुद्रण थांबवतं.

माइक हनुवटीच्या वीतभर खाली, सदऱ्याच्या कडेला लावा. उपरण्याच्या किंवा पदराच्या आत गेला की दीड तास फक्त कापडाची खसखस ऐकू येते. मंगळसूत्र माइकवर आपटतं, तेव्हा बाईंच्या बाबतीत तो खांद्याकडे सरकवून लावा. पंखा बंद करा. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो. जमिनीवर आणि भिंतीलगत गोधड्या टाकल्या तर बराच फरक पडतो. पारावर, देवळाच्या ओट्यावर बसू नका: पोरं, कोंबड्या, टेम्पो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण ‘काय चाललंय’ विचारतो. वीज कधी येते तेही विचारून ठेवा. थ्री फेज आली की आसपासच्या मोटारी सुरू होतात.

दोन मिनिटं मुद्रण करून हेडफोन लावून ऐका, मगच पुढे जा. सुरुवातीला तुम्ही स्वतः तारीख, गाव, बोलणाऱ्याचं आणि विचारणाऱ्याचं नाव बोला. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट खोलीचा नुसता आवाज घ्या. पुढे आवाज साफ करताना तो लागतो.

संमती

मुलाखतीआधी मोठ्या अक्षरातला एक पानी मराठी कागद वाचून दाखवा. त्यात हे प्रश्न हवेत: मुलाखत कुणी ऐकावी, नाव द्यायचं की झाकायचं, ती लगेच खुली करायची की काही वर्षांनी, पुस्तकात किंवा इंटरनेटवर वापरायची का, आणि मत बदललं तर कुणाला कळवायचं. सही येत नसेल तर अंगठा आणि घराबाहेरचा एक साक्षीदार. हीच संमती ध्वनिमुद्रणातही बोलून घ्या. बोलणं ज्याचं, हक्क त्याचा. तुम्हाला वापराची परवानगी मिळते, मालकी मिळत नाही, असं कागदावर स्पष्ट लिहा.

आंदोलनाच्या मुलाखतीत एक खास अडचण असते. बोलण्याच्या भरात माणूस ‘ती गाडी आम्हीच पेटवली’ म्हणतो आणि सोबत आणखी दोघांची नावं घेतो. ते दोघे हयात असतात, एखाद्याचा मुलगा सरकारी नोकरीत असतो. म्हणून सुरुवातीलाच सांगा की इतरांवर किटाळ येईल असं काही बोलायचं असेल तर नाव न घेता बोला. तरी नाव आलंच, तर तेवढा भाग बंद ठेवून लोकांसाठी वेगळी प्रत करा. ‘हे कधीच कुणाला कळणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. न्यायालयाने मागितलं तर बंद फाइलही द्यावी लागू शकते.

मुलाखत

एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त नको. शक्यतो दोन बैठका ठेवा, मधे आठवडाभर जाऊ द्या. पहिल्या बैठकीनंतर माणूस रात्री आठवत बसतो, आणि दुसऱ्या वेळी ‘त्या दिवशी एक सांगायचं राहिलं’ इथून जे सुरू होतं ते बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा सरस असतं.

सुरुवात आंदोलनापासून करू नका. जमीन किती होती, विहीर कधी खोदली, कांदा कधीपासून लावायला लागले, पट्टी (विकलेल्या मालाच्या हिशेबाची पावती) कशी मिळायची, आडत किती कापायची, घरात मोठं कोण होतं, इथून या. ते सांगताना माणूस त्या काळात जाऊन बसतो.

नंतर एक अडथळा हमखास येतो: भाषणाची टेप सुरू होते. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ इथून निघून माणूस शेतमालाच्या भावाच्या अर्थशास्त्रावर जातो. ते खोटं नसतं, पण छापलेलंच असतं. त्याला तोडू नका. पाच-सात मिनिटं बोलू द्या आणि मग हातात कागद-पेन्सिल द्या. ‘तात्या, तो नाका जरा काढून दाखवा. पूल कुठे? तुम्ही कुठे उभे होतात? पोलिसांची गाडी कुठल्या बाजूने आली?’ रेघा ओढता ओढता भाषण थांबतं. ‘इथे बाभळ होती, तिच्याखाली आमच्या आळीच्या बाया बसल्या होत्या, पाण्याचा हंडा इथे’ असं येऊ लागतं. आपण मात्र दिशा मोठ्याने बोलत राहायचं, ‘म्हणजे नाशिककडच्या बाजूला’, कारण ध्वनिफितीत बोट दिसत नाही. कागदावर तारीख आणि नाव घालून तो मुलाखतीसोबत जपा.

तारखा चुकणारच. १९८० आणि १९८६ च्या आठवणी एकमेकींत मिसळतात, दुसऱ्याने सांगितलेलं स्वतः पाहिल्यासारखं वाटू लागतं. ‘कोणतं साल?’ विचारण्यापेक्षा खुंट्या शोधा: बहात्तरच्या दुष्काळानंतर किती वर्षांनी, इंदिराबाईंची हत्या झाली त्याच्या आधी की नंतर, दिवाळी झाली होती का, कांदा काढणीला होता की रोपं टाकली होती, थोरली मुलगी तेव्हा कितवीला होती. पिकाच्या अवस्थेवरून महिना बऱ्यापैकी पकडता येतो. माणूस चुकीची तारीख सांगतोय हे कळलं तरी तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. एकदा दुरुस्त केलंत की तो प्रत्येक वाक्यानंतर ‘बरोबर ना?’ विचारू लागतो. विसंगती वहीत टिपा आणि उताऱ्यात तळटीप द्या.

भावांच्या बाबतीत मात्र चिवटपणे विचारा. मण की क्विंटल? गोणी असेल तर तेव्हाची गोणी किती किलोची? सांगितलेला भाव आडत, हमाली कापून हातात आलेला की पुकारलेला? एवढं नक्की झालं तरच बाजार समितीच्या वहीशी ताळा घेता येतो.

लाठीमार, गोळीबार, घरातलं कुणी गेलं, असे विषय आले की प्रश्न कमी करा. माणूस गप्प झाला तर दहा-पंधरा सेकंद तुम्हीही गप्प राहा. ती शांतता भरून काढायची घाई सगळ्याच नवख्यांना होते. रडू आलं तर मुद्रण थांबवायचं का ते त्यांनाच विचारा. अशा बोलण्यानंतर लगेच सामान गुंडाळून निघू नये. चहा घ्या, यंदाच्या पावसापाण्यावर बोला.

चार-पाच जणांना एकत्र बसवलं तर घोषणा, गाणी आणि कोण कोण होतं त्यांची नावं भराभर निघतात, तेवढ्यासाठी एक गटबैठक जरूर घ्या. पण एखाद्याची स्वतःची साक्ष तिथे मिळत नाही, मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण सगळ्यांची होऊन बसते. निघताना प्रत्येकाला दोन गोष्टी विचारा: अजून कुणाला भेटू, आणि घरात काही जुनं जपलंय का?

ट्रंकेतलं सामान

संघटनेचा लाल बिल्ला, पावत्या, पत्रकं, कारागृहातून सुटल्याचा कागद, लग्नाच्या अल्बममध्ये मधेच लावलेला मोर्चाचा फोटो, असं बरंच निघतं. वस्तू घरातून न्यायचीच नाही, तिथेच फोटो काढायचे, हे सर्वांत सुरक्षित. न्यावी लागलीच तर पावती लिहून द्या. स्कॅन करताना कागद ३०० ते ४०० डीपीआय, छोटे फोटो ६०० डीपीआय. दोन्ही बाजू घ्या, मागचा स्टुडिओचा शिक्का आणि पेनाने लिहिलेली नावं तिथेच सापडतात. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढू नका, सोलला जातो, पानासकट स्कॅन करा. लॅमिनेशन आणि सेलोटेप, दोन्हींना सक्त मनाई. फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे अशी लिहून घ्या. हे काम मुलाखतीच्या दिवशीच करा.

भाषणांच्या कॅसेटी मिळाल्या तर ‘बघू लागते का’ म्हणून लगेच टेपमध्ये घालू नका. आधी प्रकाशात धरून बघा. फितीवर पांढरी बुरशी असेल तर ती वाजवायची नाही, बुरशी टेपच्या हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटीही खराब होतात. चांगली दिसली तर मागच्या कडेच्या दोन्ही प्लास्टिकच्या टिकल्या तोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही टेप होणार नाही. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि पहिल्याच खेपेला टेपरेकॉर्डरमधून वायरने थेट संगणकात मुद्रण करा. स्पीकरसमोर फोन धरून केलेली प्रत कामाची नसते. आवाज चिरका येत असेल तर भाषण करणाऱ्याला दोष देण्याआधी टेपचा पट्टा आणि वेग तपासा.

जून २०१७ चा पुणतांब्याचा शेतकरी संप किंवा मार्च २०१८ चा नाशिक ते मुंबई पायी मोर्चा, यांची ट्रंक म्हणजे फोन. इथे घाई जास्त लागते, कारण फोन बदलला की सगळं जातं. व्हॉट्सॲपवरून फोटो साधे पाठवले तर ते दाबले जातात आणि काढल्याची वेळ-जागा निघून जाते. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा किंवा वायरने उतरवून घ्या. पुढे ढकललेल्या व्हिडिओवर विसंबू नका. ज्याने काढला त्याच्यापर्यंत पोचा.

उतरवणं आणि ठेवणं

बोलीला हात लावू नका. ‘गेल्तो’ला ‘गेलो होतो’ करू नका, अहिराणी-वऱ्हाडी शब्द आहेत तसे ठेवा, अर्थ तळटीपेत द्या. दर दोन-तीन मिनिटांनी वेळ टाका. यंत्राकडून मजकूर काढून घेतला तरी गावांची, माणसांची, वाणांची नावं ते हमखास चुकवतं, तेव्हा मुद्रणाशी ताडून बघणं टळत नाही. टंकन युनिकोडमध्येच करा, जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर चिन्हांचा खच होतो. सगळं उतरवायला माणसं नसतील तर निदान विषयसूची करा: कितव्या मिनिटाला काय.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता द्या: आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग मुलाखतीचा क्रमांक. मूळ फाइलला कधीही कात्री लावू नका, काटछाट प्रतीवर करा. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या गावी. वर्षातून एकदा सगळ्या फाइली उघडून बघा. यूट्यूबवर टाकलेली प्रत दाखवायला ठीक, पण तिला साठवण समजू नका. एक संच विद्यापीठाच्या किंवा जिल्ह्याच्या ग्रंथालयाला देताना संमतीपत्रांच्या प्रती आणि बंद भागांची यादी सोबत द्या, नाहीतर तिथे सगळंच खुलं होतं.

एक प्रत पेन ड्राइव्हवर मुलाखत देणाऱ्याच्या घरी पोचवा, सोबत छापील उतारा मोठ्या टंकात. तो वाचून कुणी ‘हे वाक्य काढा’ म्हणालं तर काढा आणि काढल्याची तारीख नोंदवा. पोचवायला उशीर झाला आणि ते माणूस गेलं असेल, तर प्रत वारसांना द्या. पण हयात असताना त्यांनी बंद ठेवायला सांगितलेला भाग वारसांच्या सांगण्यावरून खुला करू नका.